कोरडे वजन

माणसाने आपल्या मालमत्तेविषयी आजवर जी निवेदने केली त्यांत अक्षरशः खरे आणि व्यवहारतः निरुपयोगी असे एखादे निवडावयाचे झाले, तर अमेरिकेत मोटारीमागे ओढून न्यावयाच्या चिमुकल्या फिरत्या घरांच्या माहितीपत्रकात ‘कोरडे वजन’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, त्यास पहिला मान द्यावा लागेल. हे वजन सांगताना टाकीत पाणी धरलेले नसते, टाक्यात गॅस धरलेला नसतो, पुष्कळदा बॅटरीसुद्धा धरलेली नसते. अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी आणि प्रत्यक्ष मालक ह्यांची तर वार्ताच नको. ज्या विरक्त अवस्थेत ते घर कारखान्याच्या फाटकाबाहेर पडले आणि ज्या अवस्थेत ते पुन्हा कधीही येणार नाही, त्या अवस्थेतील हे वजन होय. आणि त्याच्या भरवशावर गृहस्थाने आपली मोटार, आपले कुटुंब आणि आपला विमा बिनतक्रार हमरस्त्यावर आणावा अशी विक्रेत्याची अपेक्षा असते.

आमचे घर सोळा फुटी, एका आसाचे. त्याचे कोरडे वजन २,७०० पौंड, आणि आमच्या मोटारीची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो. मधल्या ८०० पौंडांकडे मी आपत्काळाची गंगाजळी म्हणून पाहत होतो. सौभाग्यवतींनी मात्र ते मंजूर झालेले अनुदान समजून मुदतीच्या आत खर्ची टाकावयास आरंभ केला. प्रथम तांदळाचे पोते चढले. त्यामागून बिडाचा तवा, दगडी खलबत्ता, दोन कुकर (एक नेहमीचा व एक अडीअडचणीचा) आणि कुंडीसकट तुळस. परमुलखातील नळाचा भरवसा नाही, सबब वीस गॅलनांची टाकी घरूनच भरून न्यावी, असाही ठराव झाला. आणि गॅलनभर पाण्याचे वजन ८.३४ पौंड असल्यामुळे हा एकटा ठराव १६७ पौंडांस पडला.

त्यात मेख अशी, की नुसते एकूण वजन कळून भागत नाही. घराचे नाक मोटारीच्या मागील गोळ्यावर जेथे टेकते, तेथे घराच्या वजनाच्या शेकडा १० ते १५ इतका भार पडावा असा शास्त्रार्थ आहे. त्याहून कमी पडला तर वेग वाढताच घर मागल्या मागे झोके घेऊ लागते आणि मोटारीसही आपल्या नादी लावते. जास्त पडला तर मोटार मागे बसते, तिची पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू फिरविणे हा केवळ एक उपचार उरतो. नाकापेक्षा मोती जड होऊ नये, एवढे आमची आजीदेखील सांगत असे. परंतु तो नेमका किती जड असावा ह्याचा हिशेब शेकडेवारीत मांडण्याची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती.

वजन करणे हा विषय परदेशस्थ मराठी माणसास अपरिचित आहे, असे मात्र कोणी समजू नये. विमान कंपनीची तेवीस किलोंची मर्यादा ज्याने मुंबईच्या फेऱ्यांत वर्षानुवर्षे सांभाळली, न्हाणीघरातील काट्यावर बॅग कवटाळून उभे राहून ज्याने बेरजेतून स्वतःस वजा केले, आणि अर्धा किलो भाजणी इकडून तिकडे फिरवून ज्याने दोन्ही बॅगांना समान न्याय दिला, त्यास ह्या विद्येची दीक्षा निराळी द्यावी लागत नाही. तेव्हा प्रथम तो न्हाणीघरातील काटाच अंगणात आणला. शेजारच्या एका निवृत्त शेतकऱ्याने युक्ती दाखविली. एक जाड फळी घ्यावी. तिचे एक टोक विटेवर ठेवलेल्या लोखंडी नळीच्या तुकड्यावर आणि दुसरे काट्यावर टेकवावे. आणि नळीपासून एक फूट व काट्यापासून दोन फूट अशा जागी घराचे नाक फळीवर उतरवावे. काटा जो आकडा दाखवील त्यास तिनाने गुणले की नाकाचा भार हाती येतो. तरफेचा हा नियम मला शाळेत शिकविला होता, परंतु माझी मोटार पुढे त्याच्यावर अवलंबून राहील असे त्या वेळी कोणी सूचित केले नव्हते. काट्याने १३० दाखविले, मग १३६, आणि मग काच तडकल्याचा आवाज केला. ‘अहो, तो काटा माझा आहे,’ असे सौभाग्यवती पायरीवरून म्हणाल्या, आणि प्रयोग तहकूब झाला.

अशा प्रसंगी मराठी माणसास तुळापूर आठवणे अपरिहार्य आहे. भीमा, भामा आणि इंद्रायणी ह्यांच्या संगमावर मुरार जगदेवास हत्तीची तुला करावयाची होती, आणि एवढे पारडे आणावे कोठून ह्या विवंचनेत सारी मंडळी पडली असता, हत्ती नावेत चढवावा, नाव जेथवर बुडेल तेथे खूण करावी, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत दगड भरावेत आणि ते दगड तोलावेत, ही तोड शहाजीराजांनी सुचविली अशी परंपरा आहे. आमच्या डॅव्हनपोर्ट गावास मिसिसिपीसारखी नदी लाभलेली आहे. परंतु हत्तीस प्रसंगी पोहता येते आणि आमच्या घरास येत नाही, हे ध्यानी घेऊन मी तो मार्ग सोडून दिला.

आयोवा हा मक्याचा मुलूख; गावोगावी धान्याच्या उंच कोठ्या आणि कोठीशी वजनकाटा. तेथे येताना भरलेली गाडी, जाताना रिकामी गाडी आणि फरक तो माल, असा शिरस्ता असल्यामुळे, काही न उतरविता परत निघालेल्या आमच्या बिऱ्हाडाची नोंद कोणत्या सदराखाली करावी, ह्या पेचात काटेवाला पडला, आणि मागे मक्याच्या गाड्या खोळंबल्या. कचरा डेपोच्या काट्यावरही हीच कथा. घरात टाकण्याजोगे काहीच नाही का, ह्याचा आम्ही पुन्हा एकदा विचार करावा, असे तेथील बाईंनी सुचविले. ओरेगॉन राज्यात म्हणे तपासणी नाके बंद असतानाही काटे चालू ठेवतात आणि वाटसरूस फुकट आकडा पाहू देतात. परंतु ओरेगॉनपर्यंत घर ओढून न्यावयाचे, तर ते वजन केल्यावाचूनच न्यावे लागणार.

अखेर जवळच्या वॉलकॉटचा आश्रय केला. गाव जेमतेम, परंतु इंटरस्टेट ८० वरील तेथील ट्रकतळ जगात सर्वांत मोठा म्हणून मिरवतो, आणि कॅट स्केल ही काट्यांची कंपनी १९७७ साली निघाली तीही येथलीच. तिची हमी मला फार भावली. आमच्या काट्याने कायदेशीर ठरविलेल्या वजनावर सरकारने पुढे दंड केला, तर काटा चुकला असल्यास दंड आम्ही भरू, आणि काटा बरोबर असल्यास चालकाबरोबर कोर्टात साक्षीस येऊ, असे ती लिहून देते. मी उसाच्या मुलखात वाढलो. तेथे हंगामात काटामारीची तक्रार कानी आली नाही असा दिवस जात नसे. काट्याच्या विरुद्ध साक्ष देणारे आमच्या तालुक्यात मुबलक होते, परंतु काट्याने होऊन साक्षीस यावे ही कल्पना कोणास स्वप्नातही सुचली नसती.

ऐंशी हजार पौंडांच्या मालट्रकांसाठी घातलेल्या त्या विशाल काट्यावर आमचे बिऱ्हाड चढले. मोटारीची पुढची चाके पहिल्या फलाटावर, मागची दुसऱ्यावर, घर तिसऱ्यावर. बोलावयाची कळ ट्रकवाल्याच्या खिडकीच्या उंचीवर होती. उतरावे तर वजन बदलणार, म्हणून मी खिडकीतून छत्री बाहेर काढून तिच्या टोकाने ती दाबली. आतील आवाजाने ‘पहिले वजन की फेरवजन?’ असे विचारून ट्रकचा नंबर मागितला, आणि तो नाही हे ऐकून क्षणभर स्तब्धता पाळली. पावती आली ती अशी: मोटार ५,०४०, घराचा आस ३,१४०, एकूण ८,१८०. घर तळावर सोडून एकट्या मोटारीचे फेरवजन केले ते भरले ४,५००. म्हणजे घर ३,६८० आणि नाकावर भार ५४०! मर्यादेवर १८० पौंड चढले ह्या विचाराने मी हवालदिल झालो असता, समोरून सौभाग्यवती कॉफीचा पेला घेऊन येताना दिसल्या. पहिल्या वजनाच्या वेळी त्या मोटारीत होत्या. फेरवजनाच्या वेळी, छापील दस्तऐवजात आपली कोणत्याही स्वरूपात नोंद नको म्हणून, उतरून गेल्या होत्या. सबब घराच्या त्या वजनात त्या स्वतः समाविष्ट होत्या, आणि त्यांस वजा केल्यावाचून हिशेब बेबाक होणे नव्हते. मी अत्यंत अदबीने विचारणा केली.

‘तुम्हाला घराचं वजन हवंय की माझं?’ त्या म्हणाल्या.

आणखी एका फेरवजनाची फी भरणे त्यामानाने स्वस्त होते. ह्या वेळी त्या मोटारीत बसल्या. काट्याने ४,६४० दाखविले. घर ३,५४० ठरले, नाकाचा भार ४०० म्हणजे शेकडा ११ च्या वर, अगदी शास्त्रोक्त. दोन फेरवजनांची वजाबाकी कोणासही करता येते, हे आम्हां उभयतांच्या एकाच वेळी लक्षात आले. मात्र वीस-वीस पौंडांच्या टप्प्याने बोलणाऱ्या काट्याच्या जबानीस काडीइतकीही किंमत नाही, असा निर्वाळा त्यांनी तत्काळ दिला, आणि ते उत्तर मी येथेही लिहीत नाही.

उरले चाळीस पौंड. ‘ते तुम्हीच उतरवा की,’ अशी सूचना आली. चालकाचे वजन मोटारीच्या खाती पडते, घराच्या नव्हे, असे मी सांगताच त्यांच्या चेहऱ्यावर तेज आले; तांदूळ, खलबत्ता आणि मोठा कुकर त्यांनी घरातून काढून मोटारीच्या मागल्या बाकावर नेऊन ठेवला, आणि घर कायद्यात बसले. असले जमाखर्च मी कचेरीत फार पाहिले आहेत. मोटारीच्या दारालाही वजनाच्या मर्यादेची एक पट्टी असते, आणि नाकाचा भारही तिच्याच माथी मारावयाचा असतो, म्हणून मी दार उघडून ती वाचावयास वाकलो. सर्व प्रवाशांचे व सामानाचे मिळून वजन, एवढे शब्द मी मोठ्याने उच्चारले असतील नसतील, तोच सौभाग्यवतींनी आतून हात लांबवून दार ओढून घेतले.