अथ राजीनामा-विधी

प्रस्तुत मार्गदर्शिका खासगी कंपनीत काम करणाऱ्या, दर रविवारी संध्याकाळी राजीनामा देणाऱ्या आणि सोमवारी सकाळी नऊच्या मीटिंगला हजर असणाऱ्या समस्त गोंदियाकरांसाठी आहे. लिहिताना पुण्यात नोकरीला असलेला एक भाचा विशेष करून डोळ्यांसमोर होता. त्याचं नाव देत नाही, कारण त्याची आई, म्हणजे माझी बहीण, हे वाचणार आहे.

आधी लेखकाची पात्रता. लेखक जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाला. नोकरी सोडायचा विचार त्याच्या मनात कधी आला नाही आणि आला असता तरी ऐकून घ्यायला कोणी नव्हतं. पगाराची घासाघीस त्याच्या वतीने वेतन आयोग करत असे, तीही दहा वर्षांतून एकदा. त्यामुळे या विषयावरचं त्याचं मत संपूर्ण निःपक्ष समजावं.

नियम १ : मुहूर्त

रविवार संध्याकाळचा राग ग्राह्य धरू नये. रविवार संपला म्हणून चिडलेला माणूस कंपनीवर चिडलोय असं समजतो. अप्रेजलचं पत्र आल्याच्या आठवड्यातला रागही बाद. बुधवारी दुपारी चार वाजता, पोटात जेवण, हातात चहा आणि साहेब रजेवर, अशा स्थितीतही जो राग शाबूत राहतो तोच अस्सल.

असा राग महिनाभर वहीत लिहावा : तारीख, काय झालं, कोणामुळे झालं. महिनाअखेर तीन रकाने पाडावेत : काम, साहेब, पैसा. पैशाचा रकाना भरला असेल तर बोलणी करण्यात अर्थ आहे. साहेबाचा भरला असेल तर आधी दुसरी टीम मागावी, कंपनी नंतर सोडता येते. कामाचाच रकाना तुडुंब असेल तर पगारवाढ घेऊन थांबू नये. वाढीव पगाराची सवय दोन महिन्यांत होते आणि वही पुन्हा भरू लागते.

भाच्याने वही केली, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्याने चौथा रकाना स्वतःच्या मनाने पाडला. त्याला मथळा दिला होता : ‘गाव’.

नियम २ : साहित्य

सत्यनारायणाला जशी यादी लागते तशी इथेही लागते. नेमणुकीचं पत्र (नोटीस किती दिवसांची ते कलम लाल पेनाने अधोरेखित केलेलं), तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, फॉर्म १६, पीएफचा यूएएन क्रमांक आणि नोकरीला लागल्याची तारीख. ही शेवटची वस्तू सगळ्यांत महत्त्वाची आणि भाच्याला ती पाठ नव्हती. सहावीतल्या क्रिकेट सामन्याचा धावफलक पाठ होता.

तारीख का हवी ते सांगतो. कंपन्या ज्याला ‘पॅकेज’ म्हणतात त्यात मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी म्हणून बहुधा दरवर्षी मोजलेली असते. म्हणजे लग्न जमवताना ती सांगायला मिळते. हातात मात्र ती पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावरच पडते. हिशेब सोपा आहे : शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा पगार ४०,००० असेल तर पाच वर्षांचे सुमारे १ लाख १५ हजार होतात. साडेचार वर्षांनी, कोणीतरी ईमेलमध्ये सगळ्यांना कॉपी करून अपमान केला म्हणून निघून गेलात, तर तो ईमेल तुम्हाला १ लाख १५ हजारांना पडला. चार वर्षं आणि २४० दिवसांनाही पाच वर्षं मानावं, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. पण तो दाखवत कंपनीशी भांडत बसण्यापेक्षा चार महिने आणखी चहा प्यावा. मुदतीच्या करारावर असाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ही अट एक वर्षावर आणली आहे, ते तपासून घ्यावं.

पीएफ काढू नये, नव्या नोकरीत वळता करून घ्यावा. एकूण पाच वर्षं भरायच्या आत काढला तर त्यावर कर बसतो. शिवाय तो काढून लोक काय घेतात ते मी पाहिलं आहे. मोटरसायकल घेतात.

आणि मेडिक्लेम. हे मी गमतीत सांगत नाही. कंपनीच्या सामूहिक विम्यात आईवडिलांची नावं असतात, आणि ते संरक्षण साधारणपणे तुमच्या शेवटच्या दिवसाबरोबर संपतं. ताईला साखर आहे, भाऊजींना बीपी. नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, तिची चौकशी पत्र देण्याआधी करावी. पत्र दिल्यावर पोरं पार्टी करतात, चौकशी करत नाहीत.

नियम ३ : शेतीचं नाव काढू नये

वैतागलेला प्रत्येक इंजिनिअर एका ठराविक टप्प्यावर म्हणतो, “मामाजी, आता नाही होत. गावी येऊन शेती करतो.” हा आजार यूट्यूबमधून पसरतो. त्या चित्रफितीत शेतकरी इस्त्रीच्या सदऱ्यात बांधावर उभा असतो आणि मागे बासरी वाजते.

आपल्याकडे बासरी वाजत नाही. जुलैत बांधीतल्या चिखलात पिंडरीपर्यंत उभं राहून पऱ्हे रोवायचे असतात, कंबर वाकलेली, पाठीवर पाऊस. पाऊस नसेल तर आणखी वाईट, कारण मग मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावाच्या पाण्यावरून धुऱ्याशेजारच्या माणसाशी पिढीजात बोलणं बंद होतं. मग तुडतुडा येतो. मग कापणीच्या तोंडावर अवकाळी येतो. शेतीची इच्छा झालेल्या उमेदवाराने रोवणीचा एक आठवडा रजा काढून यावं आणि रोवणी करणाऱ्या बायांच्या रांगेत उभं राहावं. बाया फार हसतात, पण शिकवतात. आठवड्यानंतरही इच्छा टिकली तर माझी हरकत नाही.

शेतीला पर्याय म्हणून होमस्टे निघतो. नागझिरा जवळ, नवेगावबांध जवळ, राज्यातले उरलेसुरले सारस बहुतेक आपल्याच जिल्ह्यात. एवढं भांडवल असताना पर्यटक रांग लावतील असं गणित असतं. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाचा गाभा तीन महिने बंद असतो, हे त्या गणितात नसतं. त्या तीन महिन्यांत मालक काय करतो असं मी विचारलं. भाचा म्हणाला, “रिमोट जॉब.”

नियम ४ : भाव ठरलेला असेल तर वजनावर भांडावं

हा नियम माझा नाही, भाऊजींचा आहे, आणि या मार्गदर्शिकेत विकत घेण्यासारखा हा एकच.

२०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाची हमी किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती. ती दिल्लीत ठरते. खरेदी केंद्रावर भाऊजी तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. ते भांडतात ओलाव्यावर, कारण १७ टक्क्यांच्या वर गेला की माल परत फिरतो. ते भांडतात काट्यावर, बारदान्यावर, नंबर कधी लागणार यावर आणि हमाल पोतं कसं आपटतो त्यावर. भाव तोच राहतो. पण घरी येताना खिशात शेजाऱ्यापेक्षा थोडे जास्त असतात.

त्यांचा मुलगा मात्र वातानुकूलित खोलीत जाऊन थेट भावावर बोलतो. समोरून “यंदा बजेट नाही” असं आलं की “ठीक आहे सर, तुम्हीच बघा” म्हणून उठतो. ‘तुम्हीच बघा’ हे वाक्य या विधीत वर्ज्य आहे. आपल्या झाडीपट्टीचा हा जुना दोष. बाजारात शिंगाड्याच्या पावशेरावर दोन शिंगाडे जास्त घेतल्याशिवाय न हलणारी माणसं, पगाराचा विषय निघाला की “राहू द्या ना जी” म्हणतात.

तेव्हा मागण्यांची यादी करावी. जे साहेबाच्या एका सहीने मिळतं ते साहेबाकडे मागावं : रात्री दहानंतरचे फोन आळीपाळीने, सलग दोन आठवडे घरून काम, दुसरा प्रकल्प, परीक्षेची फी. जे वरून येतं ते वर, लेखी मागावं : व्हेरिएबलचा काही भाग पक्क्या पगारात, ९० दिवसांची नोटीस ६० वर, सहा महिन्यांनी फेरविचार आणि त्याची तारीख. रक्कम सांगायची तर एकच सांगावी आणि गप्प बसावं. ‘इतके ते इतके’ म्हटलं की समोरच्याला पहिला आकडाच ऐकू येतो. नव्या ऑफरची धमकी देऊ नये. ऑफर असेल तर ती फक्त कळवावी, आणि हातात कागद नसेल तर मुळीच बोलू नये. २०२५ च्या जुलैत टीसीएससारख्या कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं. अशा हवेत “मग मी जातो” या वाक्याला “बरं” असं उत्तर येऊ शकतं.

आता तो चौथा रकाना. त्यात मी सगळ्यांत जास्त नोंदी पाहिल्या आणि बऱ्याचशा एकाच गोष्टीच्या होत्या. दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई भरते. प्रत्येक गावाची तारीख वेगळी, लेकी माहेरी येतात, दिवसा दंडार, रात्रभर नाटक. पोराने चार दिवस रजा मागितली. त्याचा साहेब अस्सल पुणेकर. तो म्हणाला, “मंडईला जायला चार दिवस? रिक्षाने वीस मिनिटं लागतात.” भाच्याने यावर समजावून सांगायला हवं होतं. तो हसला, जागेवर गेला आणि राजीनाम्याचा मसुदा लिहायला बसला. एवढ्या मोठ्या पोराला एवढं साधं मागता येत नाही, याचा मला राग येतो. आणि भाचा घरी आला की देवघरात लॅपटॉप उघडून बसतो, कारण नेट तिथेच येतं, आणि ताई घंटी न वाजवता पूजा उरकते, त्याचाही येतो.

नियम ५ : राजीनाम्याच्या पत्रात साहेबाच्या आईवडिलांचा उल्लेख नसावा.

नियम ६ : कंपनीने थांबवलं तर

पत्र दिल्यावर अचानक बजेट सापडतं. अशा वेळी विरघळू नये. वाढ कोणत्या तारखेपासून, पक्क्या पगारात की एकरकमी बोनस, आणि वर्षाच्या आत गेलात तर तो परत मागण्याचं कलम आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. वहीही उघडावी. तुमचा रकाना साहेबाचा असेल आणि त्यांनी पैसे दिले असतील, तर औषध दुसऱ्याच दुखण्याचं मिळालं आहे.

नियम ७ : बातमी

गोंदियात कोणी राजीनामा देत नाही. गोंदियात फक्त ‘काढतात’. तुम्ही स्वेच्छेने, सन्मानाने, दुसरी ऑफर खिशात घेऊन आठ दिवस घरी आलात तरी दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या ठेल्यावर कोणीतरी विचारणारच, “काहून जी, पोराले काढलं का?” यावर खुलासा करू नये. खुलासा करणाऱ्याला दोनदा काढलेलं असतं. आईला आधी सांगावं, आत्याला नवं ओळखपत्र गळ्यात पडल्यावर.

नियम ८ : निघताना

पत्र चार ओळींचं. तत्त्वज्ञान मसुद्यात राहू द्यावं. कामाचं हस्तांतर लेखी, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र हातात, पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख चढली की नाही ते पाहावं. ती चढली नाही तर पुढे पैसे वळते करताना तिथेच अडतं. वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर थकलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. हे वाक्य पाठ करून जावं, आवाज न चढवता म्हणावं.

आता प्रस्तुत प्रकरणाचा निकाल. भाच्याची पाच वर्षं फेब्रुवारीत भरतात. तोवर त्याने थांबावं. दरम्यान मंडईची चार दिवसांची रजा आणि रोवणीच्या वेळी दोन आठवडे घरून काम, एवढं दोनच ओळींत लिहून साहेबाला पाठवावं, आणि मंडई म्हणजे काय ते तिसऱ्या ओळीत. मिळालं तर राहावं. नाही मिळालं तर मार्चमध्ये पत्र द्यावं, दुसरी ऑफर हातात घेऊन. मामा पाठीशी आहे, ताईला मी सांगेन.

राहिलास काय आणि सोडलंस काय, दिवाळीला यायचंच आहे. महाराष्ट्र एक्सप्रेसचं आरक्षण ६० दिवस आधी, सकाळी आठ वाजता उघडतं. त्या वेळेला मीटिंग घेऊ नकोस.