तळ्यात की मळ्यात?

सेकंडहँड गाडी घेताना माणूस काय काय बघतो! टायरला लाथ मारतो, दार दाणकन लावून बघतो, हॉर्न वाजवतो. मीही हे सगळं केलं. वर विकणाऱ्याने सांगितलं, ‘एकहाती गाडी, डॉक्टर वापरायचे.’ महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या गाडीचा पहिला मालक डॉक्टरच असतो. एवढे डॉक्टर असून ग्रामीण रुग्णालयांत जागा रिकाम्या का, ते मला त्या दिवशी कळलं. सगळे गाड्या विकण्यात गुंतलेले असणार.

गाडी घेऊन पनवेलहून रायगड जिल्ह्यातल्या तळा गावी निघालो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं, त्यामुळे घाई करण्याचा प्रश्न नव्हता. कोलाड गेलं, इंदापूरला तळ्याच्या रस्त्याला लागलो, आणि काटा उठून सरळ ‘एच’कडे चालू लागला. मग बॉनेटमधून वाफ. पाचव्या मिनिटाला सहा माणसं जमली. ‘हीट झालीय,’ एकाने निदान केलं. दुसरा रेडिएटरचं झाकण उघडायला धावला. त्याला धरून मागे ओढला. तापलेलं झाकण उघडलं की आतलं उकळतं पाणी दाबाने थेट तोंडावर येतं, एवढं ज्ञान मला होतं. तेवढंच होतं. अर्ध्या तासाने, इंजिन निवल्यावर, प्यायच्या दोन बाटल्या आत गेल्या आणि आम्ही तळा गाठलं. पाण्याने तळ आधीच गाठला होता.

तेव्हापासून रोज सकाळी, चहाच्या आधी, मी बॉनेट उघडून त्या पांढऱ्या टाकीकडे बघतो. तिच्यावर दोन रेघा असतात, ‘मिन’ आणि ‘मॅक्स’. पाणी कधी वरच्या रेघेला, कधी खालच्या रेघेच्याही खाली. तळ्यात, मळ्यात. ‘दोन दिवसांआड अर्धा लिटर वतायचा, काय होत नाय,’ शेजारचे काका म्हणाले. ‘माझ्या जीपला मी अकरा वर्षं वतलाय.’ जीप आता कुठे आहे, हे मी विचारलं नाही. तिच्यावर कोंबड्या बसतात ती रोज दिसते.

‘वतायचा’ हे उत्तर आपल्या अंगात मुरलेलं आहे. रायगडात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच जिल्ह्यातल्या वाड्यांवर टँकर फिरतो. पाणी जातं कुठे, हे कोणी बघत नाही. टँकर किती आले, ते मात्र सगळे मोजतात. वर तळगड उभा आहे. 1665 साली पुरंदरच्या तहात 23 किल्ले द्यावे लागले, तेव्हा महाराजांनी स्वतःकडे राखलेल्या 12 किल्ल्यांत हा होता. त्याच्यावर कातळात ओळीने खोदलेली टाकी आहेत. ती खोदणाऱ्यांनी आधी दगड बघितला, मग पाण्याचा विचार केला. माझ्या टाकीचा विचार करणारा माणूस मात्र अजून भेटायचा होता.

मधल्या काळात सल्ले चालूच होते. एकाने हिरवा कूलंट आणला, दुसऱ्याने गुलाबी. दोन्ही एकत्र ओतू का? मिस्त्रीने हात जोडले. ‘रंगावर जाऊ नका. आतलं रसायन वेगळं असतं. न जुळणारे एकत्र केले तर गाळ होतो, रेडिएटर जाम.’ तांत्रिक भाषेत एवढं नेमकं राजकीय भाष्य मी कुठल्याही अग्रलेखात वाचलेलं नाही.

मिस्त्री मोजकं बोलणारा. आधी गाडीखाली पुठ्ठा ठेवायला लावला. सकाळी पुठ्ठा कोरडा. मग डिपस्टिक काढून बघितली: ऑइल दुधाळ झालेलं नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. ‘म्हणजे हेड गॅस्केट नाय, बहुतेक.’ त्या ‘बहुतेक’वर मी दोन रात्री काढल्या. शेवटी त्याने झाकण हातात घेऊन उलटं केलं. रबर चिरलेलं. हे झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून शंभर अंशांना उकळायचं पाणी उकळत नाही. रबर गेलं की दाब गेला, आणि रोज थोडी थोडी वाफ निघून जाते. खाली टिपूस पडत नाही, म्हणून पुठ्ठा कोरडा. आणि आत होतं तो कूलंट नव्हताच; नुसतं हिरवट रंगाचं पाणी होतं. डॉक्टरांनी किंवा त्यांच्या कंपाउंडरने भरलेलं.

झाकण बदललं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. ‘आता परत कमी झालं तर?’ मी विचारलं. ‘तर मग हेड,’ मिस्त्री म्हणाला, आणि पुढच्या गाडीखाली शिरला.

विकणाऱ्याला फोन केला. तो अजिबात गडबडला नाही. ‘गाडी दिली तेव्हा पाणी फुल होतं की नाही?’

होतं. आज चौथा दिवस. पाणी ‘मॅक्स’च्या बोटभर खाली आहे, काल नेमकं रेघेवर होतं, निदान मला तसं वाटतं. जाहिरातीचा मजकूर मात्र तयार करून ठेवला आहे: ‘विकणे आहे. पहिले मालक डॉक्टर, दुसरे लेखक. घरगुती वापर. पाणी फुल.’