दाजी गाडी घेत आहेत

आमचे दाजी कुठलीही वस्तू चटकन घेत नाहीत. ते ती घेत राहतात. ट्रॅक्टर घेत होते तेव्हा वसमतपासून नांदेडपर्यंत एकाही शोरूमचा चहा त्यांनी शिल्लक ठेवला नव्हता. शेवटी एकदाचा ट्रॅक्टर दारात आला आणि अक्कानं नारळ फोडला. तो ट्रॅक्टरपुढं फोडला की विषय संपला म्हणून फोडला, हे तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही. बोअरची मोटार असो, पिठाची गिरणी असो की थोरल्या पोरीसाठी स्थळ, दाजींची रीत एकच. आधी माहिती काढायची. मग माहिती देणाऱ्याची माहिती काढायची. आणि मग तीच वस्तू घेऊन पस्तावलेला माणूस हुडकून काढायचा. "इकणारा खोटं बोलतो, वापरणारा लाजंनं खोटं बोलतो. पस्तावलेला माणूस मातर खरं बोलतो, पाव्हणं," असं त्यांचं म्हणणं. स्थळाच्या बाबतीत ही रीत त्यांनी कशी चालवली, ते विचारू नका.

सध्या दाजी जेट स्की घेत आहेत.

त्याचं असं झालं. 2023 साली हळदीचे भाव चढले आणि गावातल्या मंडळींनी गोवा केला. कलंगुटला बाकीचे लोक मोबाईलमध्ये समुद्र भरून घेत होते, तेवढ्यात दाजी एका पोरामागं बसून लाटांवरून एक चक्कर मारून आले. उतरले तेव्हा डोक्यावरची टोपी अरबी समुद्राला अर्पण झाली होती, चष्मा एका कानावर लोंबत होता आणि पहिला प्रश्न होता, "ॲव्हरेज काय देती?"

पोरगं म्हणालं, "ॲव्हरेज नसतो काका. हिला किलोमीटर नाहीत, तास असतात. किती तास इंजिन चाललं, ते मीटरवर येतं."

दाजी वाळूत मटकन खाली बसले. "म्हंजे ट्रॅक्टरच की!"

त्या क्षणी समुद्राबद्दलचा त्यांचा सगळा परकेपणा गळून पडला. पाण्यावर चालणारा ट्रॅक्टर आहे आणि तो आपण अजून घेतलेला नाही, एवढंच सत्य उरलं. परतीच्या प्रवासात बस कोल्हापूरला पोचेस्तोवर जागा ठरली होती. "आपल्याकडं येलदरी हाय, सिद्धेश्वर हाय, इसापूर हाय. गोव्यात काय हाय? नुस्तं खारं पाणी."

इथं एक गोष्ट नोंदवायला हवी. दाजी ज्या मराठवाड्यात राहतात, तिथं 2016 साली लातूरकरांना मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. जिथं पाणी गाडीत बसून येतं, तिथं गाडीत बसून पाण्यावर जायचं, हा विचार सुचायला छातीच लागते. ती दाजींकडे आहे. 94 किलो वजनात तिचा वाटा बराच आहे.

घरी आल्यावर वही निघाली. ही वही मूळची हळदीची. डाव्या पानावर सेलमची किती पोती, हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात कुठल्या दिवशी काय बोली लागली, काटा, हमाली, तोलाई. उजव्या पानावर आता निळ्या शाईत नवा माल उतरला. सी-डू स्पार्क, 90 एचपी, वजन 190 किलोच्या आसपास. यामाहा व्हीएक्स, तिघांची, जड. कावासाकी अल्ट्रा, 300 च्या वर एचपी. तिच्यापुढं दाजींनी कंसात लिहिलं होतं, 'कामून?'

प्रश्न रास्तच होता. "आपला ट्रॅक्टर 45 एचपीचा. त्यानं आख्खं शिवार नांगरलं, हळद काढली, वर भावकीतल्या तीन लग्नांची वऱ्हाडं नेली. अन् ही 90 एचपीची बया नुसती फिरणार?" पुण्यातल्या भाच्यानं फोनवर सांगितलं, मामा, घ्यायची तर तीनशेचीच घ्या, नंतर कमी वाटते. दाजींनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "ह्याला पोहता येत न्हाई, मला पोहता येत न्हाई. तीनशे एचपीनं दोघं बुडायचं कामून? नव्वदमधी भागतंय."

पहिल्यांदा घेणाऱ्याची खरी अडचण एचपीची नसतेच, वजनाची असते, हे त्यांनी महिनाभरात ताडलं. हलकी गाडी उचलायला, ओढायला, ट्रॉलीवर चढवायला सोपी. पण पाण्यात पडलेला भरदार गडी मागून वर चढायला लागला की ती कलंडते आणि त्याला परत पाण्यात सोडते. तिघांची रुंद गाडी स्थिर असते, नवख्याला सांभाळून घेते. पण उलटली की एकट्याला सुलटी होत नाही. "हलकी घ्यावी तर मी चढलो की ती कलती, जड घ्यावी तर ती कलली की मला हालत न्हाई," हे वाक्य दाजी त्या दिवसांत इतकं म्हणत, की अक्काला ते स्वतःबद्दल वाटून ती दोन दिवस बोलली नाही.

उलटलेली गाडी कुठल्याही बाजूनं सुलटी करून चालत नाही. मागच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर बाण असतो, त्या दिशेनंच फिरवायची, नाहीतर इंजिनात पाणी जातं. दाजींनी हा धडा अंगणात गिरवला. बाज उलटी टाकली, पायाला खडूनं बाण काढला आणि शेजारच्या पोरांना ती बाणाच्या दिशेनं उलथायला लावली. मग बाज सुलटी करून ते तिच्यावर बसले, अक्काच्या ॲक्टिव्हाची किल्ली सुतळीनं मनगटाला बांधली. जेट स्कीवर अशीच दोरी मनगटाला असते; चालवणारा पडला की ती निसटते आणि इंजिन जागच्या जागी बंद पडतं. गाडी एकटीच तलाव फिरायला जात नाही. दाजी बाजेवरून व्यवस्थित पडले. किल्ली मनगटालाच राहिली. ती दिवसभर तिथंच होती आणि अक्का चालत बाजारला गेली.

सगळ्यात जास्त दिवस अडले ते ब्रेकवर. जेट स्कीला चाक नाही, पंखा बाहेर नाही. बुडाखालच्या जाळीतून पाणी आत ओढायचं आणि मागच्या तोंडातून झोतानं बाहेर फेकायचं, एवढाच कारभार. हँडल फिरवलं की ते तोंड फिरतं, झोत फिरतो आणि गाडी वळते. पण झोत असेल तरच. समोर काही आलं म्हणून माणूस घाबरून एक्सलेटर सोडतो, झोत थांबतो, मग हँडल कितीही पिळा, गाडी आपली नाकासमोर सरळ. बरेच नवखे असेच धडकतात. सी-डूनं 2009 पासून काही गाड्यांना ब्रेक दिला, पण तोही झोतच उलटा वळवून. चाळीस वर्षं ट्रॅक्टरवर बसलेल्या, उजव्या चाकाला वेगळा आणि डाव्या चाकाला वेगळा ब्रेक दाबून बांधाच्या कोपऱ्यात वळणाऱ्या दाजींना हे पटेना. "वाचायचं असंल तर जोर द्यायचा? हे कोन्तं शास्त्र?" रात्री झोपेत त्यांचा उजवा अंगठा हलायचा, असं अक्का सांगते.

मागं बसणाऱ्यासाठी जाड रबरी चड्डी लागते, हेही त्यांनी वाचलं. का लागते, पाठीमागं पडलं तर झोत कुठं लागू शकतो, हे त्यांनी अक्काला फार आडवळणानं, जेवायला बसल्यावर समजावलं. तिनं ताट उचललं आणि मागं बसण्याचा प्रश्न कायमचा निकालात निघाला.

मग पाणी बघायला निघालो. वही, मी आणि बाटलीभर ताक. पूर्णेवर येलदरी वरच्या अंगाला, त्याच्या खाली सिद्धेश्वर. वरून सुटलेलं पाणी खाली येतं आणि कालव्यानं वसमतकडं हळदीला, उसाला जातं. सिद्धेश्वरच्या काठावर एक म्हातारे भोई थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं आवरत होते. दाजींनी मोबाईलवर जेट स्कीचा व्हिडिओ दाखवला. म्हाताऱ्यांनी तो शांतपणे शेवटपर्यंत पाहिला.

"पानी खालून ओढती म्हनता?"

"हाव."

"मंग माजं जाळं बी ओढंल."

दाजी गप्प.

"उन्हाळ्यात तिकडं बाभळीचे बुंदे उघडे पडतेत. आता दोन हात पान्याखाली हायेत. मला म्हाईत हाय कुठं हायेत. तुमच्या गाडीला म्हाईत हाय का?"

एवढं बोलून ते जाळं झटकायला लागले. दाजींनी वहीत लिहिलं: 'जाळी. बुंदे. शेवाळ. कमरेएवढ्या पाण्यात चालू करू नये, गोटे ओढते.' मग थोडं थांबून खाली: 'म्हातारा शहाणा.' माझ्या मते त्या वहीतली ही एकमेव नोंद आहे जी कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात सापडणार नाही.

परवानगीचं प्रकरण मी उरकूनच घेतो, कारण दाजींनीही त्याला कंटाळून तेच केलं. धरण जलसंपदा खात्याचं, त्यात मनाला येईल तेव्हा यंत्र सोडता येत नाही. शिवाय 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. यंत्रावर चालणारं जलयान म्हटलं की नोंदणी आली, विमा आला. एका कार्यालयात दाजींनी अर्ज नेला तेव्हा तिथल्या साहेबांनी तो दोनदा वाचून विचारलं, "ही हळदीला पाणी द्यायची मशीन आहे का?" हो म्हटलं असतं तर सबसिडी मिळाली असती, अशी रुखरुख दाजींना अजून आहे. परवानगीखेरीज आणखी एक काळजी होती. आमच्या औंढा तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगोची वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यात प्रोटॉनहून लहान थरथर टिपायची. सिद्धेश्वरही याच तालुक्यात. "आपल्या गाडीनं त्यांच्या लहरी हालतील का?" हा प्रश्न मनात घेऊन दाजी आठवडाभर फिरत होते. विज्ञानाची इतकी काळजी करणारं गिऱ्हाईक मी तरी दुसरं पाहिलं नाही.

धरण नाही तर शेततळं, असंही एकदा निघालं. 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं दाजींचं तळं 30 मीटर बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, आत प्लास्टिकचा कागद. मी हिशेब मांडला. ताशी 70 किलोमीटरनं गेलात तर दीड सेकंदात पलीकडच्या बांधावर. दाजी म्हणाले, "हळू जाऊ." मग मी म्हणालो, बुडाखालून पाणी ओढती तसा कागदही ओढेल. कागदाची किंमत त्यांना पाठ होती. शिवाय त्या गुळगुळीत कागदावरून पडलेल्या माणसाला वर येता येत नाही, दरवर्षी कुठल्यातरी तळ्यात जीव जातात, हे दाजींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी तळ्यात चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडले आणि हा विषय काढला नाही.

शेवटी जुनी गाडी बघायला पुण्याच्या बाजूला गेलो. नवी म्हणजे परदेशातून येणारा माल, वर कर. किंमत ऐकून दाजींनी ती वहीत लिहिलीसुद्धा नाही. जुनीचा मालक तरुण, गॉगलवाला, बोलण्यात गोड. मीटरवर 38 तास. "समुद्र बघितलेलाच नाही हिनं, काका. गोड्या पाण्यातली गाडी आहे."

दाजींनी मीटर पाहिला नाही, रंग पाहिला नाही. यार्डात पोत्यात हात घालून मधलंच एक हळकुंड काढतात, कट्कन मोडतात, आतला रंग बघतात आणि वास घेतात. वरच्या मालावर त्यांचा विश्वास नाही. तसं त्यांनी सीट उचलायला लावली, हात कोपरापर्यंत इंजिनाखाली घातला आणि कुठल्यातरी बोल्टच्या कडेवरून बोट फिरवून बाहेर काढलं. बोटावर पांढुरकी भुकटी होती. मालक म्हणाला, "धूळ आहे." दाजींनी बोट जिभेला लावलं.

"मीठ."

खाऱ्या पाण्यातून आली की गाडी आतून गोड्या पाण्यानं धुवायची असते. ती यानं धुतली नव्हती. मालकानं तिथल्या तिथं किंमत एक लाखानं उतरवली. दाजी उठले. "मीठ असूनबी घेतली असती, पाव्हणं," ते गाडीत बसताना म्हणाले, "पण हा गडी एका शब्दात लाखानं खाली आला. म्हंजे खाली आजून लय हाय, मीठ."

परवा गेलो तर वहीला नवं पान. कॅनडातल्या टायगा नावाच्या कंपनीची बॅटरीवरची जेट स्की निघाली आहे. पेट्रोल नाही, आवाज नाही; लायगोचा प्रश्नही मिटला. दाजी चष्मा कपाळावर चढवून खुशीत होते. "विहिरीवरच्या थ्री-फेजवर चार्ज करायची. बील तेच."

अक्का लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "शेतातली लाईट रात्री बाराला येती, पहाटे जाती. हळदीला पानी देता का गाडीला लाईट?"

"दोन्ही. चार्ज झाली की तिथनंच घेऊन जायची."

"पहाटे चारला? अंधारात?"

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, जेट स्कीला हेडलाईट नसतो, दाजी. ती दिवसाच चालवायची असते.

त्यांनी पेनाचं टोपण दातांनी काढलं. "लिहून घेतो. हेडलाईट न्हाई," ते म्हणाले, "आता मला सांगा, हेडलाईट बसवून मिळंल असं कुठं मिळंल?"