खोके उघडलेल्या महाशयांस अनावृत पत्र

रा. रा. खरेदीदार महाशय यांसी, जुनी ध्वनियंत्रे ऑनलाइन विकणाऱ्या समस्त विक्रेतेवर्गाचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, महाशयांनी मागविलेला ॲम्प्लिफायर खोक्यातून बाहेर काढला, तो सुखरूप मिळाल्याची पोच अंगठ्याच्या चिन्हासह दिली, आठवडाभर त्यावर मनसोक्त गाणी ऐकली आणि नवव्या दिवशी ‘माल डॅमेज आला, पैसे परत करा’ असा एका ओळीचा निरोप धाडला, त्या निरोपामागील संशोधनाबद्दल त्यांचे जाहीर अभिनंदन करणे विक्रेतेवर्गास अगत्याचे वाटते. वाहतुकीत झालेली मोडतोड आठ दिवस दबा धरून बसते आणि शेजारच्या जाणकाराने ‘एवढे पैसे दिलेस?’ असे विचारताच प्रकट होते, हा सिद्धांत पदार्थविज्ञानाच्या क्रमिक पुस्तकांत अद्याप आलेला नाही. अर्थात तो सर्वस्वी खोटा आहे असेही म्हणता येत नाही. कारण खोके आपटल्यामुळे सर्किट बोर्डावरील एखाद्या डागाला, म्हणजे सुटा भाग बोर्डाशी जोडणाऱ्या सोल्डरच्या सांध्याला, केसाएवढी चीर गेली असेल, तर यंत्र थंड असेपर्यंत आवाज व्यवस्थित येतो आणि ते तापल्यावर सांधा सुटून एक बाजू मुकी होते. परंतु महाशयांच्या निरोपात कोणती बाजू, किती वेळाने, काय जोडले असता, यांपैकी काहीही नसते. असतो तो केवळ ‘डॅमेज’ हा एक शब्द, आणि त्यापाठोपाठ यूपीआयचा क्रमांक.

वस्तुतः जुन्या यंत्राची हानी तीन प्रकारांनी होते. काही हानी वयोमानाने होते, काही वाहतुकीत होते आणि काही नव्या मालकाच्या हातून होते. या तिन्ही हानींच्या खुणा परस्परांहून इतक्या भिन्न असतात की पाहण्याची इच्छा असणाऱ्यास वादाला फारशी जागा उरू नये. स्पीकरचेच उदाहरण घेतले, तर त्याच्या पडद्यामागे एका नळीवर गुंडाळलेली बारीक तार, जिला कारागीर व्हॉइस कॉइल म्हणतात, ती चुंबकाच्या अत्यंत अरुंद फटीत मागेपुढे हलत असते. खोके उंचावरून पडल्यास फ्रेमला चिकटविलेले जड चुंबक किंचित सरकते आणि कॉइल फटीच्या भिंतीला घासू लागते. अशा स्पीकरच्या लाकडी पेटीवर ओरखडाही नसतो. मात्र पडदा दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा दाबून हलकेच मागे ढकलला की आतून खरखर ऐकू येते आणि ती बोटांनाही जाणवते. ही वाहतुकीची हानी होय, आणि तेथे महाशयांची तक्रार पूर्णतः रास्त ठरते. याउलट, लहान ॲम्प्लिफायरचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत पिळून वाढदिवस साजरा केला असता कॉइलवरील लाखेचा थर काळा पडतो, तार सैल होते आणि स्पीकरच्या तोंडाशी नाक नेल्यास जळका वास येतो. कोणत्याही टेम्पोत कॉइल जळत नाही. हे एवढे एक वाक्य महाशयांनी मान्य केले, तर निम्म्या तक्रारी लिहिण्याचे त्यांचे श्रम वाचतील.

तिसरा प्रकार वयाचा. अनेक जुन्या स्पीकरांच्या पडद्याभोवतीची लवचिक कड पॉलियुरेथेनच्या फोमची असते आणि हवेतील बाष्पाने ती पंधरा ते पंचवीस वर्षांत आपोआप विरघळत जाते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट किनारपट्टीवर हे काम निसर्ग अधिक तत्परतेने उरकतो. अशा कडेला बोट लावले असता बोटावर चिकट काळपट भुगा येतो. आता ही कड विक्रेत्याच्या घरी शाबूत दिसत होती, प्रवासातील हादऱ्यांनी ती फाटली, तर हानी वयाची की वाटेची, हा प्रश्न खरोखर अवघड आहे. आणि त्याचे उत्तर विक्रेतेवर्गास मानवणारे नाही. ज्याने ते स्पीकर वर्षानुवर्षे वापरले त्याला कडेची अवस्था ठाऊक असायला हवी होती. त्याने जाहिरातीत ती लिहिली नसेल, तर भुर्दंड त्याचाच. वयाची गोष्ट लपवून स्थळ जमविण्याचे दिवस गेले, असे म्हणतात. ध्वनियंत्रांच्या बाजारात ते अजून जायचे आहेत.

महाशयांच्या हातून होणाऱ्या हानीत विजेचा दाब हा स्वतंत्र आणि वैभवशाली अध्याय आहे. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२० व्होल्टची आणि भारतात २३० व्होल्टची असते. त्यामुळे खास जपानी बाजारासाठी घडविलेला ॲम्प्लिफायर येथे चालवायचा, तर मध्ये दाब उतरविणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो. विक्रेत्याने हे जाहिरातीत लिहिलेले असते, फोनवर सांगितलेले असते, यंत्राच्या पाठीवर छापलेले असते आणि वायरीला कागदी चिठ्ठी बांधूनही कळविलेले असते. तरीही महाशय साध्या कन्व्हर्टर पिनेने ते यंत्र थेट भिंतीतल्या प्लगला जोडतात. दुपटीहून अधिक दाब मिळताच आतील ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होतो, म्हणजे त्याची प्रवाह रोखून धरण्याची क्षमता संपते. प्रवाह उसळतो आणि फ्यूज उडतो. यंत्राने स्वतःस वाचविण्याचा केलेला हा शेवटचा प्रयत्न महाशयांचे परिचित इलेक्ट्रिशियन फ्यूजच्या जागी जाड तार पिळून हाणून पाडतात. त्यानंतर येणारा धूर हा, निरोपातील भाषेत, ‘कुरिअरवाल्याने आपटल्यामुळे’ आलेला असतो.

याहूनही निष्पाप असा एक प्रकार आहे, ज्यात हानीच झालेली नसते. १९७०च्या दशकातील बहुतेक ॲम्प्लिफायरांच्या दर्शनी पट्टीवर ‘टेप मॉनिटर’ नावाचे एक बटण असते. टेप डेकवर मुद्रित होत असलेला आवाज ऐकून पाहण्यासाठी ते ठेवलेले असून, ते दाबले की ॲम्प्लिफायर अन्य सर्व जोडण्यांकडे पाठ फिरवतो आणि केवळ टेपकडून येणाऱ्या संकेताची वाट पाहतो. टेप डेक जोडलेला नसल्यास पूर्ण शांतता पसरते. खोक्यातून यंत्र उचलताना अंगठ्याने हे बटण दाबले गेले की महाशय दिवाणखान्यात बसून सार्वजनिक समूहांवर विक्रेत्याची अब्रू वेशीवर टांगतात, ‘फ्रॉड’ या शब्दाला तीन उद्गारचिन्हे लावतात आणि मग चौथ्या दिवशी भाच्याने बटण सोडविल्यावर गाणे सुरू होते. तो मजकूर मात्र समूहावर तसाच राहतो.

येथवर महाशयांचे गुणगान झाले. परंतु ज्या वर्गाच्या वतीने हे पत्र धाडले जात आहे, त्याचे पाय मातीचेच आहेत, हेही नमूद करणे भाग आहे. ‘मिंट कंडिशन’, ‘टेस्टेड ओके’, ‘सिंगल हँड यूज’, ‘आजोबांनी जिवापाड जपलेला पीस’ ही विशेषणे विक्रेतेवर्ग ज्या सढळ हाताने वाटतो, त्याच हाताने तो पॅकिंगच्या वेळी मात्र कमालीची काटकसर करतो. टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरविणारे यंत्र, पाठवताना त्याची जड तबकडी, जिला प्लॅटर म्हणतात, ती काढून वेगळी गुंडाळावी लागते. रेकॉर्डवर टेकणाऱ्या दांडीच्या, म्हणजे टोनआर्मच्या, मागील टोकाचे वजन उतरवून ठेवावे लागते. दांडी तिच्या आधाराला बांधावी लागते आणि सुईवर टोपण बसवावे लागते. टेक्निक्स कंपनीने १९७९ साली आणलेले एसएल-१२०० एमके२ हे टर्नटेबल बारा किलोंहून अधिक वजनाचे असून त्याच्या प्लॅटरच्या खालच्या अंगास मोटरचेच चुंबक बसविलेले असते. हा प्लॅटर जागेवर ठेवूनच यंत्र रवाना केल्यास तो प्रत्येक खड्ड्यागणिक उडून मधल्या दांड्यावर आणि खालच्या मोटरवर आदळतो. गॅरार्ड किंवा ड्युअलच्या अनेक जुन्या यंत्रांत स्प्रिंगवर तरंगणारा भाग प्रवासापुरता आवळून ठेवणारे खास स्क्रू दिलेले असतात. ते बहुधा विक्रेत्याच्या टेबलाच्या खणात सापडतात, यंत्र पुण्याहून नागपूरला पोचल्यानंतर.

खोक्यात खोके ठेवावे, दोन्हींच्या मध्ये सर्व बाजूंनी किमान दोन इंच दाट फोम असावा, जड यंत्राभोवती थर्माकोलचे सुटे दाणे भरू नयेत कारण वजनाने ते बाजूला सरकून यंत्र तळाशी जाते, या गोष्टी विक्रेतेवर्गास ठाऊक नाहीत असे नाही. तरी प्रत्यक्षात वर्तमानपत्राचे दोन अंक, बबल रॅपचा एक फेरा आणि वर लाल अक्षरांत ‘फ्रॅजाइल’ एवढ्यावर काम भागविले जाते. त्या लाल अक्षरांचा गोदामात नारळ फोडण्याइतकाच उपयोग होतो.

कायद्याची भाषा या प्रकरणी दोन्ही पक्षांच्या तोंडी असते आणि ती दोघांनाही अर्धीच येते. माल विक्री अधिनियम, १९३० याच्या कलम १६ नुसार वस्तूच्या दर्जाची गर्भित हमी सर्वसाधारणपणे नसते, म्हणजे खरेदीदाराने स्वतः सावध राहावे अशी अपेक्षा असते, आणि विक्रेतेवर्ग हे कलम जपमाळेसारखे ओढतो. परंतु त्याच कायद्याचे कलम १५ असे सांगते की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. ऑनलाइन विक्रीत तर वर्णनाखेरीज महाशयांच्या हाती काही नसतेच, त्यामुळे ‘मिंट’ हा एक शब्द लिहिणाऱ्याने कलम १६ चे छत्र बऱ्याच अंशी स्वतःच मिटलेले असते. कलम ३९ प्रमाणे माल वाहकाच्या स्वाधीन करणे म्हणजे प्रथमदर्शनी तो खरेदीदारास देणेच होय. मात्र वाहकाशी परिस्थितीनुसार वाजवी करार करणे विक्रेत्यावर बंधनकारक असून, त्याने ते टाळले आणि माल वाटेत खराब झाला, तर खरेदीदार ती पोचवणी नाकारू शकतो. ‘ग्राहक मंचात खेचतो’ ही महाशयांची आवडती धमकीही तपासून घेण्याजोगी आहे, कारण ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० हे नियमित वा पद्धतशीर व्यवसाय न करता वैयक्तिक नात्याने केलेल्या व्यवहाराला लागू होत नाहीत. माळ्यावरचा एक डेक विकणारे निवृत्त गृहस्थ त्यातून सुटतात. दरमहा बारा डेक विकून स्वतःला ‘केवळ हौशी’ म्हणविणाऱ्यांनी तशी आशा बाळगू नये.

नुकसान कुरिअरकडून भरून घ्यावे, असे दोन्ही पक्षांना एकाच वेळी सुचते, आणि त्यांचे एकमत होण्याचा हा एकमेव प्रसंग असतो. तथापि मालवाहतूक विम्याच्या प्रचलित अटींमध्ये अपुरे पॅकिंग आणि वस्तूचा अंगभूत दोष हे दोन्ही वगळलेले असतात. शिवाय चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्राचे बिल कोणाकडे नसते. त्यामुळे भांडण पुन्हा फिरून दोघांच्याच अंगणात येते.

परदेशातील ईबेसारख्या बाजारात या भांडणाला पंच तरी असतो. तेथे वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याची तक्रार खरेदीदाराला सामान्यतः तीस दिवसांत करता येते आणि विक्रेत्याने ‘परत घेणार नाही’ असे लिहिले असले तरी ती ऐकून घेतली जाते. भारतातील वैयक्तिक जाहिरातींच्या व्यवहारात पैसे थेट यूपीआयने जातात, मध्यस्थाकडे काहीच राहत नाही. म्हणून येथे एकाच्या हाती पैसे, दुसऱ्याच्या हाती यंत्र आणि दोघांच्याही हाती फोन, अशी स्थिती असते. अशा स्थितीत पुरावा हाच पंच मानावा लागतो. रवानगीपूर्वी यंत्र चालू अवस्थेत, अनुक्रमांक दिसेल असे, एकही काटछाट न करता चित्रित करणे आणि पॅकिंगचा प्रत्येक थर टिपून ठेवणे हे विक्रेत्याचे काम. बंद खोक्याच्या सहाही बाजू दाखवून मग ते उघडणे आणि पहिल्यांदा यंत्र सुरू करेपर्यंतचे चित्रण ठेवणे हे महाशयांचे. सुईच्या बाबतीत तर हे अत्यावश्यक ठरते. शुअर कंपनीने २०१८ साली कार्ट्रिज, म्हणजे सुईसह येणारा ध्वनिग्राहक भाग, बनविणे थांबविल्यापासून तिच्या अस्सल सुया दुर्मीळ झाल्या असून, टोपण बसविलेली सुई ‘वाटेत’ वाकण्याची साथ त्यानंतर बरीच पसरलेली दिसते. चांगली सुई काढून घेऊन वाकडी सुई परत पाठविण्याची कला ज्यांनी हस्तगत केली आहे, त्यांच्यासाठी विक्रेतेवर्ग हल्ली स्क्रूंच्या माथ्यावर नेलपॉलिशचा बारीक ठिपका देऊन ठेवतो, हे येथे मुद्दाम जाहीर केले जात आहे.

राहता राहिला तोडग्याचा प्रश्न. ‘यंत्र परत घ्या’ ही मागणी वरकरणी न्याय्य वाटली, तरी ती जवळजवळ नेहमीच वाईट असते. कारण जे यंत्र विक्रेत्याच्या पॅकिंगमधून एकदा जेमतेम वाचले, ते महाशयांच्या पॅकिंगमधून दुसऱ्यांदा वाचत नाही, आणि मग एका वादाचे दोन होतात. यंत्र ठेवून घेऊन सगळे पैसे परत मागणे हा तोडगा नसून लूट आहे. महाशयांच्याच शहरातील कारागिराने दुरुस्तीचा लेखी अंदाज द्यावा, दोष वाटेचा किंवा लपविलेल्या वयाचा निघाल्यास तो खर्च विक्रेत्याने बिनतक्रार सोसावा, फ्यूजला तार निघाल्यास महाशयांनी मौन पाळावे, आणि खुणा खरोखर संदिग्ध असल्यास रक्कम निम्मी निम्मी वाटून घ्यावी, हाच व्यवहारातला रास्त मार्ग होय. वीस-पंचवीस किलोंचे स्पीकर तर कुरिअरने पाठवूच नयेत. ज्याला ते हवे आहेत त्याने गाडी घेऊन यावे, दारात उभे राहून ऐकावे आणि स्वतःच्या हाताने उचलून न्यावे.

शेवटची विनंती एवढीच की, यंत्र बाहेर काढल्यावर महाशयांनी खोके आणि आतील फोम त्याच दुपारी रद्दीवाल्यास देऊ नये. कुरिअरचा माणूस पाहणीस आला की तो यंत्राकडे नंतर पाहतो, आधी खोके मागतो. किमान महिनाभर ते माळ्यावर असू द्यावे.

बहुत काय लिहिणे, लोभ असावा.