ढाळ बैठकीकडे

सेवाग्रामची बापूकुटी माती, बांबू आणि कवेलूंची. गांधीजी १९३६ मध्ये या गावी राहायला आले. लोक आजही कुटी पाहायला येतात. तिथून वर्ध्याकडे निघालं की नव्या लेआउटमधले बंगले लागतात. स्लॅब भर मे महिन्यात टाकलेला, पाणी मारायला कोणी फिरकलं नाही, पहिल्याच पावसात छताला ओल. "ते होतेच ना भाऊ, घर बसून रायलं," इति ठेकेदार. न्हाणीचं पाणी जाळीला वळसा घालून बैठकीत येतं. त्यावर त्याचा तांत्रिक सल्ला: "वायपर ठेवा ना जी!" तडा दाखवला की पुट्टी निघते, वरचा रंग मालकाचा.

दाद मागायची तर रेरा कायद्याची ५ वर्षांची दोष-हमी बिल्डरच्या प्रकल्पांना. स्वतःच्या प्लॉटवर बांधणाऱ्याने तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घरबांधणी ही 'सेवा'च आहे. फक्त तिथे पुरावा लागतो, आणि आपला करार सिमेंटच्या पोत्याच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलेला. म्हणून शेवटचा हप्ता रोखून धरावा. मग ठेकेदार रोज सकाळी येतो, चहा घेतो आणि तड्याकडे कौतुकाने पाहतो.