आठचं रीडिंग

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण सकाळची आठची वेळ काही त्यांच्या अंगातून गेली नाही. नोकरीत याच वेळेला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, मिलिमीटरमध्ये वहीत टिपायचं आणि वर कळवायचं. आता आठच्या ठोक्याला ते व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस टाकतात, आणि पाऊस म्हणजे आम्ही.

२०१७ मध्ये ही सोय आली तेव्हा सोसायटीतल्या बाकीच्या ज्येष्ठांनी गुलाब, वाफाळता कप आणि सुविचार यांची जणू घाऊक खरेदी करून ठेवली. अण्णांना सुविचारांचं वावडं. "रोज तेच टाकायचं तर माणूस कशाला लागतो?" असं म्हणून त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले : तारीख, मजकूर, पाहणारे, शेरा.

सुरुवातीचे प्रयोग भाबडे होते. एक आठवडा 'क' हे अक्षर न वापरता लिहिलं. त्यात स्वयंपाक, कुरकुर आणि कोपरखळ्या आपोआपच वर्ज्य झाल्या. 'घरात शांतता', असा शेरा आहे. एकदा साबुदाणा वड्याचा फोटो इतक्या जवळून काढला, की दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा निरोप आला : किती दिवसांपासून आहे? खाजवू नका. अण्णा हरखले. लाइक मोजणारे पुष्कळ पाहिलेत. स्वतःच्या फजितीपुढे 'उत्तम' लिहिणारा हा एकच.

मग लिफ्ट बंद पडली आणि अण्णांची प्रतिभा उघडली. 'मी लिफ्ट बोलतेय', शाळेतल्या निबंधाच्या थाटात, क्रमशः. स्टेटस २४ तासांनी पुसलं जातं आणि बुडालेला भाग पुन्हा सांगायचा नाही, हा लेखकाचा बाणा. त्यामुळे माणसं चार मजले चढून, धापा टाकत, "काल तिसऱ्या मजल्यावर नेमकं काय झालं?" असं विचारायला दारात. काकूंनी चहा-साखरेचा हिशोब वेगळा मांडला. लिफ्ट दुरुस्त झाली त्या दिवशी निम्मी इमारत हळहळली.

एका सकाळी त्यांनी नुसतं 'निरंक' लिहिलं. पाऊस नसला की खात्यात टाकतात तो शब्द. लोकांना वाटलं, प्रकृतीचंच काही! दुपारपर्यंत फोन. 'आजवरचा सर्वाधिक प्रतिसाद', अण्णांनी टिपलं. काकू म्हणाल्या, "मग रोजच निरंक ठेवा."

एक कोडं मात्र सुटत नव्हतं. सेक्रेटरींचं नाव पाहणाऱ्यांच्या यादीत कधीच नसे. निळ्या टिकांची सोय बंद ठेवली की स्टेटस पाहिलेलंही कळत नाही, हे नातवाने सांगितलं. अण्णांनी सापळा लावला : 'वार्षिक सभा शनिवारी.' सभा होती रविवारी. दहाव्या मिनिटाला सेक्रेटरींचा फोन, "अहो, रविवारी!"

"म्हणजे वाचता तर!"

दुरुस्ती लगेच टाकली, पण ती कोण पाहतो? शनिवारी बरीच मंडळी खाली येऊन, एकमेकांशी गप्पा मारून, सभा चांगली झाली म्हणत घरी गेली. हजेरी लागली या समजुतीने रविवारी त्यांनी दांडी मारली आणि कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब करावी लागली. त्या अर्ध्या तासात अण्णांनी शेरा लिहून टाकला : पुढील वर्षी शुक्रवार टाकून पाहणे.