आप्पांच्या भिंगाखाली

“फाडलंत?”

जुनी तिकिटं घेऊन येणाऱ्या माणसाला आप्पा आधी हेच विचारतात. त्या एका शब्दात दुःख असतं, राग असतो आणि समोरच्याच्या घरच्या वळणाबद्दल शंकाही असते. बिचाऱ्याने आजोबांच्या ट्रंकेतली पाकिटं काढून तिकिटं हौसेने ओरबाडलेली असतात. मागचा कागद सोललेला, कडेचे दाते मोडलेले. आप्पा ती बोटाने उचलतच नाहीत. चिमटा मागवतात.

असा एक तिकिटांचा पारखी प्रत्येक गोतावळ्यात असतो. आमचे आप्पा बँकेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून घरातल्या वाट्या पळवू लागले. कोमट पाण्याच्या वाटीत तिकिटं पोहत ठेवायची. रंगीत पाकिटाचा तुकडा मात्र वेगळ्या वाटीत, कारण तो रंग सोडतो. मग टीपकागदात घालून वर टेलिफोन डिरेक्टरी. डिरेक्टरी छापायची थांबली याचं दुःख आमच्या ओळखीत फक्त आप्पांना आहे. काकू म्हणतात, “या घरात पापड कमी आणि तिकिटं जास्त वाळतात.”

येणाऱ्याचा सूर ठरलेला. “आप्पा, गांधीजींचं आहे, १९४८ चं. किती येतील?”

आप्पा चष्मा कपाळावर चढवतात. “दीड आण्याचं ना? वापरलेलं? ढिगाने आहेत. दहा रुपयांचं असतं, त्यावर ‘सर्व्हिस’ छापलेलं असतं, तर गोष्ट वेगळी. गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी तशी शंभरच छापली होती. ते असतं तर तुम्ही माझ्याकडे कशाला आला असतात? वकिलाकडे गेला असतात.”

त्यांच्या निकालांची भाषा शिकून घ्यावी लागते. “छान आहे” म्हणजे किंमत शून्य. “जपून ठेवा” म्हणजेही शून्य, पण माणूस आवडला आहे. “कॅटलॉगमध्ये बरी आहे” म्हणजे कॅटलॉगचा आकडा पाहून हुरळू नका, त्या भावाने घेणारा अजून जन्माला यायचाय. खरोखर काही सापडलं तर आप्पा बोलतच नाहीत. उठून हात धुऊन येतात.

रविवार नकाशावाल्यांचा. १९५७ सालची, भारताच्या नकाशाची, नये पैशांची तिकिटं. वरून सगळी सारखी. आप्पा ती काळ्या बशीत पालथी घालतात, बेंझिनचे दोन थेंब टाकतात आणि कागदातलं जलचिन्ह पाहतात. तारे दिसले तर आधीचं, अशोकस्तंभाचे सिंह दिसले तर १९५८ नंतरचं. घरभर वास, खिडक्या सताड उघड्या, गॅस पेटवायला बंदी, त्यामुळे चहा लांबलेला. एवढं करून दोन्हींच्या किमतीत फरक किती, असं विचारलं की आप्पा दुखावतात.

१९७१ च्या पाच पैशांवर तर त्यांचा विशेष लोभ. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी तेव्हा पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. घाईत कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच ‘रिफ्युजी रिलीफ’ छापून काम भागवलं गेलं. नाशिकला छापलेली घरोघरच्या डब्यात सापडतात. ठिकठिकाणी स्थानिक पातळीवर छापून घेतलेल्यांना मात्र मागणी आहे. म्हणून आप्पा प्रत्येक अक्षराची जाडी भिंगातून बघतात आणि शेवटी म्हणतात, “नाशिक.” तरीही पुढचं तिकीट तितक्याच आशेने उचलतात.

शेजारच्या एका मुलाने परवा अख्खं पाकीट आणलं. न फाडलेलं! आप्पांनी त्याला आधी लाडू दिला. तिकीट सहाव्या जॉर्जचं, अगदी साधं. पण शिक्का गोल, स्वच्छ, वाचता येणारा : कराची, १९४६. “कराचीला कोण होतं रे तुमचं?” मुलाला पत्ता नाही. त्याने आईला फोन लावला, आईने मामाला. तासाभराने कळलं की पणजोबांचे भाऊ तिथे शाळामास्तर होते. किमतीचं विचारायचं तो विसरला, आणि आप्पांनीही काही सांगितलं नाही. फक्त बजावलं, “विकू नकोस. आणि पाण्यात तर मुळीच घालू नकोस.”

तुमच्या माळ्यावर अशी पत्रं असतील तर कात्री लावू नका, पाकिटासकट तुमच्या आप्पांकडे घेऊन जा. मात्र त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका, आणि जाताना काकूंसाठी दोन वाट्या न्या.